साबणातला उजेड

९ जून
रात्री बेर्टोल्ड बार्तोशचा ‘लिदे’ हा अ‍ॅनिमेशनपट पुन्हा पाहिला. १९३२ चा, पॅरिसमध्ये पुरा झालेला, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. लोटे रायनिगरच्या ‘प्रिन्स अखमेद’ या चित्रपटावर काम केलेला माणूस, एवढीच बार्तोशची ओळख उरली आहे. फार अन्याय आहे हा. ‘लिदे’त एका विचारवंताला कल्पना सुचते, विवस्त्र बाईच्या रूपात ती अवतरते आणि तो तिला जगात धाडतो. सत्ताधारी तिच्या अंगावर कपडे चढवू पाहतात. तिच्या बाजूने उभा राहिलेला कामगार गोळ्यांनी मारला जातो.

१० जून
दिवसभर ‘लिदे’तल्या उजेडाचाच विचार. व्यू कोलोंबिए नाट्यगृहाच्या वरच्या चिमुकल्या खोलीत बार्तोश एकट्याने हे करत होता. एकावर एक काचा, त्यांवर कापलेल्या आकृत्या, खाली दिवे, वर कॅमेरा. काचेला साबण फासला की उजेड पसरतो, पहाटेच्या धुक्यासारखा. शिवाय तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर पुन्हा चित्रण करायचं, काही दृश्यांत अठरा वेळांपर्यंत! एक थर बिघडला की आधीचे सगळे वाया. एवढा धीर माणसात येतो कुठून?

१३ जून
मूळ पुस्तक चाळलं. फ्रान्स मासेरेलचं, १९२० चं, नुसत्या लाकडी ठशांच्या चित्रांचं. ठशात काळं आणि पांढरं, मधलं काही नाही. तिथे ती बाईही इतरांसारखी शाईचीच. बार्तोशने शिपायांच्या, अधिकाऱ्यांच्या कडा तशाच करकरीत ठेवल्या आणि तिला तेवढी उजेडाची केली. बंदूक तिचं काय करणार, हे सांगायला मग पाटीची गरज उरत नाही. माझ्या मते मासेरेलच्या पुढे तो इथेच गेला.

१४ जून
आज आवाज बंद करून पाहिला. नाही, ओनेगेरचं संगीत हवंच. ओंद मार्तनो या विद्युतवाद्याचा तो थरथरता सूर आला की तिचं येणं अंगावर येतं.

१८ जून
आपल्या फाळक्यांनी आगकाड्या हलवून केलेला चित्रपट आज उरलेला नाही. बार्तोशचा पुढचा, युद्धाविरुद्धचा चित्रपटही नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये नाहीसा झाला. ‘लिदे’ मात्र शाबूत आहे. अ‍ॅनिमेशन शिकवणाऱ्यांनी तो पहिल्याच आठवड्यात वर्गात लावावा, खोलीत पूर्ण अंधार करून.