करड्यातलं कुंकू

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका जुन्या घराच्या सोप्यात आजीचा फोटो टांगलेला होता. १९४०च्या आसपास, पोर्तुगीज अमदानीत, म्हापशाला जाऊन काढलेला. फोटो मुळात काळा-पांढरा, पण पुढे कुणीतरी त्यात हाताने रंग भरले होते. लुगड्याला फिकट जांभळा, ओठांना किंचित गुलाबी, आणि कपाळावर चार आण्याच्या नाण्याएवढं लालभडक कुंकू. घरात आलेल्या माणसाची नजर आधी त्या कुंकवावर जायची. आजी नातवाच्या जन्माआधीच गेलेली. त्यामुळे आजी म्हणजे त्याला ते कुंकूच ठाऊक होतं.

हा नातू पुढे फोटोग्राफर झाला. चाळीस वर्षांच्या धंद्यात तो एक लाल ठिपका वारंवार त्याच्या वाटेत येत राहिला.

१९८४ साली तो डिचोलीच्या बाजारातल्या एका स्टुडिओत शिकायला लागला. सकाळी पेडण्याहून म्हापसा, तिथून डिचोलीची बस. स्टुडिओचे मालक सगळ्यांचे मास्तर. त्यांनी पहिले दोन महिने त्याला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, डार्करूममध्येच ठेवलं. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद, डेव्हलपरचा ट्रे, हायपोचा ट्रे आणि वर टांगलेला लाल दिवा. प्रकाशाला एवढा भिणारा कागद या दिव्याखाली उघडा कसा ठेवता, असं त्याने विचारलं. मास्तर म्हणाले, “त्याला लाल दिसतच नाही. लाल म्हणजे त्याच्या लेखी अंधार.” मग क्षणभर थांबून त्यांनी पुढचं सांगितलं: फोटोच्या जुन्या काचांचं आणि फिल्मचंही असंच होतं, म्हणून तर आपल्या आज्या-पणज्यांची कुंकवं फोटोत काळी.

त्याला एकदम सोप्यातला फोटो आठवला. रंगाखालचं आजीचं कुंकू काळं असणार, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

हे आंधळेपण घालवायला बरीच वर्षं लागली. सुरुवातीच्या काचा निळ्या-जांभळ्या प्रकाशापलीकडे फारसं काही टिपत नसत. १८७३ साली बर्लिनच्या हेरमान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाला आढळलं की काचेवरच्या प्रकाशसंवेदी लेपात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरवाही पाहू लागते. तिला ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ म्हणू लागले. लाल रंगही टिपणारी ‘पॅनक्रोमॅटिक’ काच विसाव्या शतकात बाजारात आली, पण छोट्या गावांतल्या स्टुडिओंनी जुना माल पुढेही बराच काळ वापरला. गोऱ्या चेहऱ्यांवर त्या जुन्या फिल्मने मुख्यतः ओठ काळसर केले. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या कातडीत तांबूस छटा अधिक, त्यामुळे आपली माणसं त्या फोटोंत होती त्याहून काळी उमटली. कितीतरी घरांत ‘पणजोबा काळेकुट्ट होते’ असं आजही सांगतात. त्यात थोडा वाटा फिल्मचाही आहे.

मास्तरांकडे तो निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग करायला शिकला. सुईसारखं टोक काढायचं, काचेच्या तिरक्या पाटावर निगेटिव्ह ठेवायची आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं एकेका ठिपक्याने भरून काढायची. पावसाळ्यात या निगेटिव्हना बुरशी यायची. जून ते सप्टेंबर तो निम्मा वेळ पुसण्यातच घालवायचा.

मग रंगीत लॅब आल्या आणि काळ्या-पांढऱ्याचं काम जवळजवळ एका पिढीत संपलं. लग्न, मुंज, बारसं, सगळं रंगीत. काळा-पांढरा फोटो लोक परत करू लागले. नव्वदच्या दशकात त्याने पेडण्यात स्वतःचा स्टुडिओ काढला तेव्हा डार्करूम बांधलीच नाही.

काळा-पांढरा फोटो त्याच्याकडे परत आला तो कलेच्या वाटेने नाही, पुण्यस्मरणाच्या वाटेने. गोव्यात माणूस गेला की वर्तमानपत्रात त्याचा फोटो येतो. बाराव्याला येतो, वर्षश्राद्धाला येतो, मग दरवर्षी येत राहतो. ते पान तेव्हा बहुधा काळ्या-पांढऱ्यात छापलं जाई. घरची माणसं लग्नाच्या आल्बममधला एखादा गटाचा फोटो घेऊन येत, त्यातल्या एका चेहऱ्यावर बोट ठेवत आणि म्हणत, “हा एवढाच काढून द्या, पेपराक घालूंक.” आज इतके लोक स्वतःचे फोटो काढतात, पण त्या काळी अनेकांचा एकट्याचा असा फोटोच नसे. तो स्कॅन करायचा, चेहरा कापायचा, फोटोशॉपमध्ये ‘डीसॅच्युरेट’वर क्लिक करायचा. रंग गेले, काम झालं.

२००२च्या सुमाराची गोष्ट. गावातली एक वयस्क बाई गेली. नवरा मागे राहिलेला. सवाष्णपणी जाणं हे त्या पिढीच्या बायका देवाकडे मागून घेत. तिला हिरवी साडी नेसवून, मळवट भरून नेलं होतं. बाराव्याच्या दिवशी फोटो छापून आला आणि दुपारी तिचा नवरा वर्तमानपत्राची घडी घेऊन स्टुडिओच्या पायरीवर उभा राहिला. ओरडला नाही, भांडला नाही. फोटोवर बोट ठेवून एवढंच विचारलं, “तिचें कुंकूं खंय गेलें?”

फोटोत कपाळ मोकळं होतं.

त्याने मूळ रंगीत फोटो उघडला. कुंकू होतं, ठसठशीत होतं. रंग काढून टाकले की नाहीसं होत होतं. रात्री उशिरापर्यंत तो आकडे तपासत बसला. पडद्यावरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरवा, निळा अशा तीन आकड्यांनी बनतो, प्रत्येक शून्य ते २५५. कुंकवाचे आकडे साधारण १९०, ३०, ४४. सावलीतल्या कपाळाचे १४६, ९८, ७४. ‘डीसॅच्युरेट’ काय करतं? तिघांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा घेतं, बेरीज करून निम्मी करतं. कुंकवाचे १९० आणि ३०, निम्मे ११०. कपाळाचे १४६ आणि ७४, निम्मे पुन्हा ११०. दोघांचा करडा एकच. एका साध्या सरासरीने एका सवाष्ण बाईचं कुंकू पुसलं होतं, आणि तो हुकूम त्याच्या बोटाने दिला होता.

टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेलं दुसरं सूत्र आहे. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद, म्हणून लालाचे ०.२९९, हिरव्याचे ०.५८७ आणि निळ्याचे ०.११४ असे वाटे धरायचे. त्याने गणित केलं. कुंकू ७९वर उतरलं, कपाळ ११०वर राहिलं. ठिपका परत आला. फक्त लाल चॅनल घेतला तर उलटंच: कुंकू १९०, कपाळ १४६, म्हणजे कपाळावर भस्म लावल्यासारखा पांढुरका डाग. एकाच बाईची तीन कपाळं, आणि तिन्ही गणिताने बरोबर.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटो नव्याने करून त्या म्हाताऱ्याच्या घरी नेऊन दिला, फ्रेमसकट. पैशांचा विषय निघाला नाही. वर्षश्राद्धाला तोच छापला गेला.

तेव्हापासून ‘काळा-पांढरा करणं’ हे शब्दच त्याला चुकीचे वाटू लागले. करायचं काही नसतं, ठरवायचं असतं. कुठल्या रंगाने किती अंधारात जायचं, कुणी पुढे यायचं. फोटोशॉप मुळात याच कामातून जन्मलं, हे त्याला नंतर समजलं. १९८७ साली थॉमस नोल हा अमेरिकेतला विद्यार्थी आपल्या मॅकिन्टॉशच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून एक छोटा प्रोग्राम लिहीत होता. त्याचंच १९९०मध्ये फोटोशॉप झालं. २००७च्या आवृत्तीत सहा रंगांच्या सहा पट्ट्या असलेला ‘ब्लॅक अँड व्हाइट’ लेयर आला, तेव्हा आपल्यासाठीच कुणीतरी तो बनवला असं त्याला वाटलं.

या पट्ट्यांशी त्याची ओळख हळूहळू मुरत गेली. कातडी लाल आणि पिवळ्याच्या मधे राहते. कुंकू गडद करायला लाल खाली ओढला की चेहराही काळवंडतो, म्हणून पिवळा थोडा वर न्यावा लागतो. पिवळा वर नेला की मंगळसूत्राच्या वाट्या चमकतात, ते बरंच. पण केसांतली अबोलीही उजळत जाते आणि एका मर्यादेनंतर तिची जाई होते. गोव्यातल्या बाईने अबोली माळली होती की जाई, हे तिच्या लेकींना महत्त्वाचं असतं. तो पिवळा त्या मर्यादेच्या अलीकडे थांबवतो.

पेडण्याच्या दशावतारी नटांचे फोटो त्याने अनेक वर्षं काढले. पहाटे नाटक संपल्यावर, रंग उतरवण्याआधी. लाल चॅनलमध्ये राजाचा चेहरा गुळगुळीत दिसतो, वीस वर्षांनी तरुण. निळ्या चॅनलमध्ये तोच चेहरा घामाच्या ओघळांसकट, भेगाळलेल्या रंगभूषेसकट, कपाळावरच्या प्रत्येक आठीसकट उभा राहतो. रात्रभर खणखणीत आवाजात संवाद म्हटलेला, सकाळी काजूच्या बागेत कामाला जाणारा माणूस. त्याला निळ्याचा वाटा जास्त ठेवलेले फोटो आवडतात. नटांना लालाचे. घरी देण्याची प्रत तो नटांच्या आवडीची काढतो.

काळ्या-पांढऱ्यावर जीव टाकणारे गोव्यातही होते. फोटोग्राफर प्रबुद्ध दासगुप्ता यांचं गोव्यातल्या कॅथलिक समाजावरचं ‘एज ऑफ फेथ’ हे पुस्तक २००९ साली आलं, तेव्हा त्यातल्या जुन्या घरांतल्या वृद्ध चेहऱ्यांपुढे तो तासन् तास बसला. दुसऱ्या टोकाला फोटोग्राफर रघुबीर सिंग. भारताकडे रंगांतूनच पाहायला हवं, काळ्या-पांढऱ्यातली खिन्नता आपली नव्हे, असं ते आग्रहाने मांडत. दोघांपैकी एकाची बाजू घ्यायला त्याला कधी जमलं नाही, आणि ते बरं झालं. कारण डिचोलीने त्याला दोघांचीही गरज दाखवली.

डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत होमकुंडातून चालून आलेल्या एका धोंडाचा, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्ताचा, फोटो त्याच्याकडे आहे. पहाटेची वेळ, गळ्यात मोगऱ्याची माळ, डोळे जागरणाने खोल गेलेले. वेताचे रंगीत गोंडे करड्यात विरले आणि डोळे राहिले. तो फोटो काळा-पांढराच खरा. पण त्याच तालुक्यातल्या लोहखनिजाच्या खाणीवरच्या ट्रक ड्रायव्हरचा, २०१२ साली खाणी बंद पडण्याआधीचा फोटो त्याने चार वेळा बदलून पाहिला. लाल वर नेला तर धूळ पिठासारखी झाली, माणूस गिरणीवाला वाटू लागला. खाली नेला तर काजळी झाली, माणूस कोळशावरचा वाटू लागला. भुवया, पापण्या, सदऱ्याची कॉलर, सगळं ज्या तांबड्या मातीने माखलं होतं ती तांबडी होती म्हणूनच तिथे खाण होती. तो फोटो त्याने रंगीत ठेवला.

गेल्या पावसाळ्यात सोप्यातली फ्रेम वाळवीने पोखरली. त्याने फोटो अलगद बाहेर काढून स्कॅन केला आणि सवयीने एकेक चॅनल पाहिला. निळा, हिरवा, मग लाल. जुने फोटोरंग पारदर्शक असत. लाल चॅनलमध्ये लाल शाई निघून गेल्यासारखी होते आणि तिच्याखाली जे असेल ते दिसतं. नाण्याएवढं कुंकू विरलं. त्या जागी, किंचित डावीकडे सरकलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा काळा ठिपका उरला.

त्याने लॅपटॉप आईपुढे ठेवला. नव्वदीला टेकलेली आई चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, तुझी आजी आरशात न पाहता करंगळीने मेण लावायची आणि वर पिंजर टेकवायची. चुलीपाशी घाईत असायची ना, म्हणून नेहमी डावीकडे जायचं.