मुळशीचा पाऊस आणि दादांची पद्मिनी

पुण्याहून पौड रस्त्यानें पश्चिमेस निघालें, कीं चांदणी चौक, भूगांव, पिरंगूट हीं ठिकाणें एकामागून एक मागें पडतात आणि मुळशी तालुक्याचें मुख्य ठाणें जें पौड, तें लागतें. पुढें सह्याद्रीचा माथा जसजसा जवळ येतो, तसतसें पावसाचें मान गांवागणिक वाढत जातें. ताम्हिणीच्या घाटांत तर आषाढांत सूर्यदर्शन दुर्लभ. आमचें वडिलोपार्जित घर पौडच्या पुढें, या पावसाच्या वाटेवरच आहे. चार महिने येथें लांकूड फुगतें, कपड्यांस कुबट वास येतो, पोथ्यांस बुरशी धरते. लोखंडाची काय दशा होते, तें मात्र मला साठी उलटल्यावर, गेल्या वर्षीं कळलें. त्याचीच ही हकीकत.

पडवीला लागून पत्र्याचा जो आडोसा आहे, त्यांत कैलासवासी दादांची, म्हणजे माझ्या वडील बंधूंची, प्रीमियर पद्मिनी मोटार उभी असते. इटलीच्या फियाट कंपनीच्या ‘११००’ या गाडीची ही भारतीय कन्या. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ती तयार होई. १९७४ पासून तिला ‘पद्मिनी’ हें नांव मिळालें. २००० सालच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें आणि मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतूनही ऑक्टोबर २०२३ मध्यें ती अस्तंगत झाली. दादांनीं १९७४ सालची ही गाडी १९८६ सालीं दुसऱ्याकडून घेतली. घरांतील चार लग्नें, दोन बाळंतपणें आणि आईचा इस्पितळाचा अखेरचा प्रवास, हें सर्व तिनें पाहिलें आहे. दादांच्या पश्चात् ती माझ्या पुतण्याकडे आली.

गेल्या आषाढांत वहिनी गाडींत बसल्या, तों पायांखालचा गालिचा ओलाचिंब. पुतण्यानें तो उचलून तळाच्या पत्र्यास स्क्रू-ड्रायव्हर टोंचला. तो आरपार गेला आणि खालची जमीन दिसूं लागली. “काका, आतां ही भंगारांत द्यावी म्हणतों,” तो म्हणाला. वहिनी कांहीं न बोलतां स्वयंपाकघरांत निघून गेल्या. त्यांचें तें न बोलणें आम्हां दोघांसही पुरतें समजलें.

पिरंगुटास वेल्डिंगचें दुकान चालविणारा एक मिस्त्री एके काळीं माझ्या वर्गांत होता. त्याला बोलावलें. गाडीखालीं आडवें होऊन त्यानें सर्व तळ ठोकून पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, “गुरुजी, गाडी मेलेली नाहीं. पण गंज झांकणारानें हिचा घात केला आहे.” कांहीं वर्षांपूर्वीं एके ठिकाणीं ती दुरुस्तीस दिली होती. तेथें कुजलेला पत्रा न कापतां त्यावर लांबी भरली व वरून रंग दिला. आंत गंज वाढतच राहिला. या गाडीला मालमोटारीप्रमाणें निराळा सांगाडा नसतो. तळ, दारांखालच्या पोकळ पेट्या, छत असा सगळा बांधा मिळून भार वाहतो. म्हणून तळाचा गंज हा केवळ शोभेचा दोष नव्हे. त्यावर बसणारांच्या जिवाचा प्रश्न असतो.

मिस्त्रीनें एक अट घातली. “ठिगळ मी लावून देईन, पण दर पावसाळ्यांत पाहणार कोण? मालकानेंच शिकावें.” पुतण्या तयार झाला, आणि पुढचे सात-आठ रविवार मी त्या दुकानांत स्टुलावर बसून माझ्याच विद्यार्थ्याची शिकवणी ऐकली.

जन्मभर संस्कृत शिकविल्यामुळें मला तो विषय आपल्या वाटेनें समजला. रिव्हेट ठोकून जोडलेले दोन पत्रे समासांतील पदांसारखे; शेजारीं बसतात, पण प्रत्येकाची कड निराळी ओळखूं येते. वेल्डिंग म्हणजे संधि. ‘महा’ आणि ‘ईश’ मिळून ‘महेश’ झाल्यावर जोडाच्या जागीं ना ‘आ’ उरतो ना ‘ई’. दोघेही विरघळून तिसराच स्वर उभा राहतो. तसेंच दोन्ही कडा वितळल्या पाहिजेत. वरवर चिकटलेला धातु म्हणजे लांबीचाच दुसरा अवतार.

पहिल्या धड्यांत गाडीला हात लावण्याची मनाई होती. तितक्याच जाडीच्या, म्हणजे सुमारें एक मिलिमीटरच्या, टाकाऊ पत्र्यावर नुसत्या रेघा ओढावयाच्या. यंत्र ‘सीओटू’चें: पाऊण मिलिमीटरची तार आपोआप पुढें सरकते आणि वायूचें वेष्टन वितळलेल्या धातूस हवेपासून राखतें. पोलाद सुमारें १५०० अंशांस वितळतें आणि ठिणगीची उष्णता त्याहून कितीतरी अधिक. तेव्हां हात क्षणभर रेंगाळला, कीं भोंक. पुतण्याचा पहिला पत्रा चाळणीसारखा झाला. दुसरा धडा दोन पट्ट्या जोडण्याचा. जोडल्यावर त्या पकडींत धरून मोडावयाच्या: शेजारचा पत्रा फाटला तर जोड खरा, जोडच सुटला तर खोटा. तिसऱ्या धड्यांत त्यानें तुळशीच्या कुंडीसाठीं लोखंडी तिवई केली. ती थोडी डुगडुगे, पण वहिनींनीं त्याच दिवशीं अंगणांत मांडली. गाडी उचलून ज्यांवर ठेवावयाची, ते घोडे मात्र नवशिक्यानें स्वतः करूं नयेत. चांगले पाहून विकतच घ्यावे.

नियम कडक होते. अंगांत सुती कपडे, हातांत चामड्याचे मोजे, तोंडावर काळ्या कांचेचा मुखवटा. गाडीवर काम करण्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडावयाच्या, पेट्रोलची टाकी उतरवून दूर न्यावयाची, गालिचे व तळाचें डांबर काढावयाचें. जवळ पाण्याची व वाळूची बादली. काम संपल्यावरही अर्धा तास राखण. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा तसाच तापवूं नये. त्याच्या धुरानें ताप भरतो. हें सर्व मीं वहींत लिहून घेतलें आणि शहाणपण तेथेंच संपलें. एका रविवारीं मुखवटा न घेतां मीं जोडाकडे डोकावून पाहिलें. “गुरुजी, डोळे!” मिस्त्री ओरडला, पण तोंवर उशीर झाला होता. रात्रीं डोळ्यांत मूठभर वाळू पडावी तशी आग उठली. दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांनीं औषध दिलें आणि दोन दिवसांनीं उतार पडला. पण लिहिलेला नियम व पाळलेला नियम यांतील अंतर मला चांगलेंच समजलें.

मग तळाची पाळी आली. गंजलेला भाग चकचकीत धातु लागेपर्यंत कापला. भोंक तळहाताएवढें दिसत होतें, तें ताटाएवढें झालें. तें पाहून पुतण्याचा चेहरा उतरला. “खरें भोंक आतां दिसलें,” मिस्त्री म्हणाला. पुठ्ठ्याचा नमुना काढून त्याबरहुकूम नवा पत्रा बेतला. आधीं चार टोकांस टाके. मग एक टाका येथें, दुसरा समोर, मध्यें थांबून पत्रा निवूं द्यावयाचा. घाईनें एका बाजूनें सलग रेघ ओढली, तर पत्रा भाजलेल्या पापडासारखा वांकतो. सांधे घासून गंजरोधक रंग, फटींत लुकण, पोकळ भागांत पातळ मेण. आणि मुख्य म्हणजे पाणी निघून जाण्याचीं मूळचीं भोंकें मोकळीं केलीं. तीं चिखलानें बुजलीं होतीं. सगळ्या अनर्थाचें मूळ तेंच. दारांखालच्या पेट्या आणि स्प्रिंग जेथें टेकते त्या जागा मिस्त्रीनें स्वतः केल्या. तेथें शिकाऊ हात नको. बांध्याचा मूळ आकार कोठेंही बदलला नाहीं. पन्नास वर्षांवरील ज्या गाड्यांचें मूळ रूप बदललेलें नाहीं, त्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी देणारे केंद्र सरकारचे नियम २०२१ सालीं झाले आहेत. तशी इच्छा असणारांनीं हें ध्यानीं ठेवावें.

कार्तिकांत आम्ही गाडी घेऊन मुळशीच्या जलाशयापर्यंत गेलों. टाटांच्या या धरणाचें पाणी सह्याद्रीखालीं भिरा येथें उतरतें व त्यावर वीज होते. याच धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, येथील मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला; पुढें सेनापति बापट त्याचे नेते झाले. तरी धरण झालें आणि गांवें पाण्याखालीं गेलीं. कांठावर उभें राहून मनांत आलें, कीं कांहीं तुटलेलें कोणासही सांधतां येत नाहीं; जें येतें, तें तरी आळसानें भंगारांत घालूं नये.

परततांना पावसाची एक अवेळीं सर आली. वहिनी पुढें बसल्या होत्या. त्यांनीं चप्पल काढून पाय तळाला टेकविला, जरा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाल्या, “भावजी, कोरडें आहे हो.”