मागे न फिरणारा रस्ता

गेल्या दिवाळीत माझा भाचा सहकुटुंब श्रीरामपूरला आला होता. फराळ झाल्यावर त्याचा नऊ वर्षांचा मुलगा त्याच्याकडे हट्ट धरून बसला. बापाने लहानपणी खेळलेला मोटारसायकलींच्या शर्यतीचा तो संगणकावरचा खेळ त्याला पाहायचा होता. भाच्याने तो कोठून तरी मिळवून आपल्या लॅपटॉपवर घातलाही होता, परंतु मुलाच्या हाती देण्यापूर्वी तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, याला खेळू देऊ का? तुम्ही सांगाल तसं."

प्रश्न साधा होता, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही. ज्या खेळापायी मी त्याला एके काळी कान धरून घरी आणले होते, त्याच खेळाविषयी तो माझा निवाडा मागत होता. मी त्याच्याकडे दोन दिवसांची मुदत मागितली. त्या दोन दिवसांत जे मनात आले, ते येथे लिहीत आहे.

या खेळाचे नाव 'रोड रॅश'. ज्यांची मुले २००० सालाच्या आगेमागे शाळेत होती, त्यांना हे नाव अपरिचित नसावे. अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीने तो प्रथम १९९१ साली सेगा कंपनीच्या दूरचित्रवाणीला जोडावयाच्या यंत्रासाठी काढला. पुढे १९९६ साली त्याची विंडोज संगणकावर चालणारी आवृत्ती आली आणि तीच आपल्याकडील गावोगावच्या सायबर कॅफेत पोहोचली. कॅलिफोर्नियातील सार्वजनिक रस्त्यांवर चोरून भरविलेल्या शर्यती, असा त्याचा विषय. शहर, द्वीपकल्प, पॅसिफिक किनाऱ्याचा महामार्ग, सिएरा नेवाडाचे डोंगर आणि नापा खोरे असे त्यात पाच मार्ग. शर्यत जिंकली की बक्षिसाचे पैसे मिळतात, पैशांतून अधिक वेगवान गाडी घेता येते, आणि वाटेत शेजारून धावणाऱ्या स्वाराला लाथेने, गुद्द्याने, साखळीने वा दांडक्याने लोळविता येते. मुलांना भूल पडली ती मुख्यतः या शेवटच्या गोष्टीची, हे सांगावयास नकोच.

२००१ साली भाचा नववीत होता आणि शिक्षणासाठी आमच्याकडे राहत होता. शिकवणीची फी म्हणून नेलेले पैसे शिकवणीच्या सरांपर्यंत पोहोचत नाहीत असे कळले, तेव्हा मी त्याचा माग काढीत बाजारपेठेतील एका सायबर कॅफेत गेलो. लाकडी फळ्यांनी पाडलेल्या अरुंद खणांत मुले दाटीवाटीने बसली होती. एका संगणकापुढे चार चार डोकी. एकजण कळा दाबतो आहे आणि उरलेले तिघे त्याला ओरडून सल्ला देत आहेत. भाचा खेळणाऱ्याच्या जागी होता. त्याने मला पाहिले नाही. मी मागे उभा राहून पडद्याकडे पाहू लागलो.

मी त्याला लगेच हाक मारली नाही, याचे खरे कारण आजवर कोणाला सांगितले नव्हते. मला ते पाहत राहावेसे वाटले. रस्ता चढत होता, टेकडीच्या माथ्यावरून एकाएकी खाली कोसळत होता, समोरून मोटारी येत होत्या, आणि प्रत्येक चढावर पलीकडे काय असेल या धास्तीने माझीही मूठ आवळली जात होती. मग भाच्याची गाडी एका मोटारीवर आदळली. स्वार हवेत फेकला गेला, दूर रस्त्यावर आपटला, आणि दुसऱ्याच क्षणी उठून आपल्या गाडीकडे धावत सुटला. चारही मुले खदखदून हसली. मी त्याचा कान धरला तो तेव्हा.

पुढे काही आठवड्यांनी, शाळेत संगणक आल्यावर, एका रविवारी दार लावून मी स्वतः हा खेळ खेळलो. ज्याला वाईट म्हणावयाचे ते निदान पाहून म्हणावे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या अनुभवाच्या बळावर त्याचे गुण प्रथम सांगतो.

पहिला गुण असा की त्यातील रस्ता हा रस्ता वाटतो. शर्यतीच्या इतर खेळांत बहुधा गोल धावपट्टी असते आणि तिच्यावर स्पर्धकांखेरीज कोणी नसते. येथे वाहतूक चालू असते, चौक येतात, माणसे रस्ता ओलांडतात. दुसरा गुण असा की चुकीची किंमत मोजावी लागते. वारंवार आपटून गाडी मोडली तर दुरुस्तीचे बिल येते. पोलिसाच्या तावडीत सापडल्यास दंड भरावा लागतो. खिशात तेवढे पैसे नसतील तर खेळ तेथेच संपतो. तिसरा गुण मला शिक्षक म्हणून विशेष वाटला. निव्वळ वेगाने हा खेळ जिंकता येत नाही. कोणत्या वळणावर आधीच वेग कमी करावा, हे पाचसहा वेळा पडल्यावरच कळते. वर्गात एका नापासाने खचणारी मुले येथे वीसदा पडून एकविसाव्यांदा उठत होती. त्यांची ही चिकाटी माझ्या भूमितीच्या तासाला कोठे जात होती, हा प्रश्न मला तेव्हाही सलला आणि आजही सलतो.

आता दोष. मारामारी हा सर्वांना दिसणारा दोष आहे. त्याविषयी पालकसभांत पुष्कळ बोलले गेले आणि मीही बोललो. परंतु शेजाऱ्याला लाथ मारणे वाईट, हे मुलांना कळत होते. ती लाथ त्यांना गंमत वाटे ती खोटी असल्यामुळेच. माझ्या मते खरा दोष याहून खोल आणि कमी दिसणारा आहे. या खेळात दुरुस्तीचे बिल येते ते गाडीचे. माणसाचे बिल कधीच येत नाही. स्वार कितीही वेगाने आपटो, त्याचे हाड मोडत नाही. तो उठतो आणि धावतो. आणि रस्त्यावरील इतर सारे जण केवळ अडथळे असतात. एखाद्या पादचाऱ्याला धडक बसली तरी शर्यत पुढे चालूच राहते. तो पडद्याच्या खालच्या कडेआड जातो आणि नाहीसा होतो. गाडी मागे वळवून त्याच्यापाशी जाण्याची सोय खेळात ठेवलेलीच नाही. रस्ता केवळ पुढे जातो.

आपला जिल्हा दुचाकीच्या इतिहासात लहानसहान नव्हे. १९७० च्या दशकात साऱ्या देशात पोहोचलेली कायनेटिकची लूना ही नगरचीच. माझ्या वडिलांकडे ती होती. पायडल मारून सुरू करावयाची, आणि चढ आला की पुन्हा पायडल मारून तिला हातभार लावावयाचा. तिच्यावरून जाताना वाटेतील प्रत्येक माणसाचा चेहरा ओळखू येई. वडील हाक मारीत, थांबत, कोणाची पिशवी घेत. गाडीचा वेग माणसांच्या ओळखीच्या आत होता. त्याच नगरात संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन-संशोधन संस्था आहे आणि तिच्या आवारात वाहनांच्या चाचणीचे मार्ग आहेत. तेथे वाहन किती धावते एवढेच पाहून भागत नाही. ते किती अंतरात थांबते, हेही मोजावे लागते. 'रोड रॅश'मध्ये कोणी कधी हे मोजले नाही. ब्रेकची कळ असते. पण ती पुढचे वळण नीट घेण्यापुरती.

हे सारे मी पालकसभांत सांगत असे आणि माझे विवेचन मला फार पटत असे. मग २०१२ सालच्या जानेवारीतील ती रात्र आली.

भाचा तेव्हा पंचवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला. नगरला एका नातलगाच्या आजारपणासाठी जाऊन आम्ही दोघे त्याच्या मोटारसायकलवरून परतत होतो. तो चालवीत होता, मी मागे बसलो होतो. नगर-मनमाड रस्त्याचे वर्णन आपल्या वाचकांपुढे करण्याचे कारण नाही. गळिताचा हंगाम होता. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात चालले होते; त्यांतील कित्येकांना मागे ना दिवा, ना चकाकणारी पट्टी. राहुरी ओलांडून थोडे पुढे आलो, तो दिव्याच्या झोतात रस्त्याच्या कडेला एक मोडकी सायकल दिसली आणि तिच्यापलीकडे एक माणूस आडवा पडलेला दिसला. आमच्या पुढची मोटार त्याला वळसा घालून निघून गेली. तिच्यापुढची जीपही तशीच गेली असावी.

भाच्याने वेग कमी केला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "चल, थांबू नको. पोलिसांचं लफडं मागे लागेल."

हे वाक्य माझे आहे. मी ते जसेच्या तसे लिहिले आहे.

तो काही बोलला नाही. गाडी शेदोनशे फूट पुढे गेली. मग त्याने ती कडेला घेतली, मागून येणारी वाहने जाऊ दिली, आणि वळवली. "मागे जातोय, मामा," एवढेच म्हणाला.

पडलेला माणूस पाथर्डीकडून ऊसतोडणीस आलेला मजूर होता. किराणा घेऊन कोपीकडे परतताना मागून कोणी तरी त्याला उडवून निघून गेले होते. पिशवीतील साखर आणि चहाची पुडी रस्त्यावर सांडली होती. तो शुद्धीवर होता आणि पाणी मागत होता. भाच्याने स्वतःचा मफलर त्याच्या मांडीला घट्ट बांधला, मोबाईलचा उजेड हलवीत रस्त्यात उभा राहिला आणि चौथा की पाचवा टेम्पो थांबविला. रुग्णालयात नाव, पत्ता आणि नाते विचारले गेले. पोलिसांपुढे जबाबही झाला. पहाटेचे तीन वाजले. भाच्याने सगळे शांतपणे केले. मी बाकावर बसून होतो. त्या मजुराचा पाय पुढे आखूड झाला, पण माणूस वाचला.

घरी येताना मी त्याला विचारले, "तुला भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "वाटली ना. म्हणून तर पुढे गेलो होतो थोडा." मग जरा थांबून म्हणाला, "त्या गेममध्ये मागे फिरता यायचं नाही, मामा. आठवतंय? मला तेव्हाही ते विचित्र वाटायचं."

मी खेळाचा हा दोष शोधून काढला म्हणून स्वतःवर खूश होतो, आणि तो खेळणाऱ्या मुलाने तो चौदाव्या वर्षीच पाहून ठेवला होता. फरक एवढाच की मी तो सभेत सांगितला आणि त्याने तो रस्त्यावर दुरुस्त केला.

माझ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्या काळी माझी भीती अगदीच निराधार नव्हती. जखमीला नेणारा माणूसच चौकशीच्या फेऱ्यात अडके, हा सार्वत्रिक अनुभव होता. पुढे सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ घालण्यात आले. आता अशा माणसावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. कायद्यात त्याला 'गुड समॅरिटन' म्हटले आहे. ज्या दृष्टान्तावरून हे नाव आले, तो मी वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितला होता. त्यातील वळसा घालून पुढे जाणारे दोघे मला नेहमी दुसरे कोणी तरी वाटत.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत दुचाकीवरील माणसे शेकडा ४४ हून अधिक होती. हा आकडा वाचताना मला संगणकातील तो स्वार आठवतो. आपटल्यावर तो उठून धावतो तेव्हा मुलांना हसू येते, आणि ते साहजिक आहे. पण या आकड्यातील कोणीही उठून धावले नाही. आणि त्यांतील काहीजण तरी, त्यांच्याकडे कोणी मागे फिरले असते तर, वाचले असते.

दोन दिवसांची मुदत संपली तेव्हा मी भाच्याला म्हणालो, "खेळू दे त्याला. चांगला खेळ आहे. पडून उठायला शिकवतो, आणि वळण यायच्या आधी सावध व्हायला शिकवतो. पण पहिल्या दिवशी तू शेजारी बस. एखादा माणूस मागे पडला, की त्याचं काय झालं असेल ते त्याला विचार. खेळ ते सांगत नाही. कोणी तरी सांगायला हवं. आणि खरी गाडी हाती येईल त्या दिवशी आधी हेल्मेट दे, मग किल्ली."

"ते सांगणारच होतो, मामा," भाचा म्हणाला. पोरगा केव्हाच लॅपटॉप उघडून बसला होता. भाचा त्याच्याशेजारी सतरंजीवर टेकला आणि किंचित हसून माझ्याकडे पाहत म्हणाला, "राहुरीची गोष्टही सांगणार आहे. तुम्ही त्या रात्री काय म्हणालात, तेही सांगू का?"

मी म्हटले, "सांग."