आणि साथीदार

हार्पसिकॉर्ड दिसतं पियानोच्या धाकट्या भावासारखं, पण वयानं ते पियानोपेक्षा मोठं. आतली करामतही वेगळी. पियानोत हातोडी तारेवर आपटते. इथे पट्टी दाबली की लाकडाची चपटी काडी वर उसळते आणि तिच्यात खोचलेलं पिसाचं टोक तार छेडतं, साधारण सतारीच्या नखीसारखं. गोची अशी की बोट हळू टाका नाहीतर जोरात, आवाज जवळपास तेवढाच.

असलं वाद्य घेऊन आयुष्य काढायचं? नेदरलँड्सच्या गुस्ताव लिओनहार्ट यांनी काढलं. १९५० मध्ये व्हिएन्नात बाखच्या 'आर्ट ऑफ फ्यूग'नं त्यांनी सुरुवात केली, आणि शेवटची मैफल केली डिसेंबर २०११ मध्ये, पॅरिसला. पुढच्याच महिन्यात ते गेले. मधे शिकवणं, ऑर्गन, आणि हार्नोनकूर यांच्यासोबत बाखच्या धार्मिक कंटाटांचं ध्वनिमुद्रण. ते एकच काम जवळपास वीस वर्षं चाललं.

मी पेटीची साथ करतो, म्हणून त्यांना ऐकताना कान वेगळीकडेच जातात. पेटीला मींड नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिला बाहेर काढलं त्यात ही तक्रारही होतीच. हार्पसिकॉर्डला लहानमोठा आवाज नाही. लिओनहार्ट मग वेळेशी खेळतात. ज्या सुरावर जोर हवा तो केसभर उशिरा येतो, किंवा आधीचा सूर थोडा लवकर तुटतो. त्या फटीमुळे पुढचा सूर मोठा 'वाटतो'. हेडफोन लावून सावकाश ऐका, सापडेल.

त्यांच्या धंद्यातला बराचसा भाग मात्र साथीचा. बरोक काळात वादकापुढे बऱ्याचदा फक्त खालच्या सुरांची ओळ असायची आणि तिच्याजवळ आकडे. त्यांवरून वरचे सूर जागच्या जागी भरायचे, समोरचा गायक किंवा व्हायोलिनवाला श्वास कुठे घेतो ते बघत. चांगलं भरलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. काढून टाकलं तर घर रिकामं केल्यासारखं होतं.

आता हे घरी कसं सांगायचं? आई दर दिवाळीला विचारते, "तुझं स्वतःचं कधी?" एका आयोजकांनी पत्रिकेत माझ्या जागी 'आणि साथीदार' छापलं होतं. मानधनही त्याच हिशोबात. सोलोचा रियाज मी करतोच, पण खरं सांगू, समोरच्याची तान कुठे टेकणार हे अर्धा क्षण आधी कळतं ना, ती मजा सोलोत नाही. त्यावर भाडं भरता येईल का, हा प्रश्न उरतोच.

बाखनं १७२१ मध्ये अर्पण केलेल्या सहा ब्रांडेनबुर्ग कन्चेर्तोंपैकी पाचवा ऐका. बासरी आणि व्हायोलिनच्या जोडीला हार्पसिकॉर्ड. पहिल्या भागाच्या शेवटाकडे एकेक जण गप्प होतो आणि एरवीचा हा साथीदार ६५ बार एकटाच वाजवतो. (बार म्हणजे आवर्तनासारखंच, पण फार लहान.) १९६८ च्या 'क्रॉनिकल ऑफ आना माग्दालेना बाख' या सिनेमात खुद्द लिओनहार्ट बाख झालेत, डोक्यावर विग, आणि सुरुवातीलाच हे वाजवतात. चेहऱ्यावर काही नाही. बोटं तेवढी पळतात. मग ६५ बार संपतात, बाकीचे परत वाजवू लागतात, आणि ते त्यांच्यात मिसळून जातात.