अंगणातलं शेवाळ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. पाऊस एकदाचा गेला, दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं आणि काल मागच्या अंगणाची फरशी घासून झाली. कंबर जरा धरली आहे, पण मन प्रसन्न आहे.

"आता फरशी धुण्यावरही लिहिणार का गं ताई?" असं धाकट्या बहिणीने फोनवर विचारलंच. हो, लिहिणार. कारण गेल्या वर्षी याच फरशीवर मी एक मोठी चूक केली. ती आजवर फारशी कुणाला सांगितली नाही.

आमचं घर साताऱ्याचं. मागच्या अंगणात शाहाबादी फरशी आहे, घर बांधलं तेव्हापासूनची. तिथे कुंपणभिंतीची सावली असते. त्यामुळे पावसाळ्यात शेवाळ धरतं. गेल्या वर्षी गौरी-गणपतीनंतर कपडे वाळत घालायला गेले आणि सटकन पाय घसरला. दोरी हाताला लागली म्हणून वाचले. मुलाला हे कळलं आणि त्याने फोनवरून फर्मान काढलं, "आई, आजच्या आज ती फरशी साफ करून घे. या वयात हाड मोडलं तर किती महागात पडेल!"

मीही घाबरले होते. दुकानातून संडास धुवायचं ॲसिड आणलं. टाकी धुवायला आणलेली ब्लीचिंग पावडर घरात होतीच. मनात हिशोब केला, एकाने इतकं निघतं तर दोन्हींनी दुप्पट निघेल.

आमच्याकडे कामाला येते ती माझीच विद्यार्थिनी. सातवीपर्यंत माझ्या वर्गात होती, मग शाळा सुटली. अजून मला 'बाई' म्हणते. तिला म्हटलं, "बादलीत ही पावडर घाल, वरून ॲसिड ओत आणि ते फरशीवर टाक." आणि मी स्वयंपाकघरात आमटीला फोडणी द्यायला गेले.

दोनच मिनिटांत जोरजोरात खोकल्याचा आवाज आला. धावत गेले तर ती बादलीजवळ वाकलेली, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, धड श्वास घेता येईना. असा उग्र वास की माझाही घसा जळायला लागला. तिला ओढतच पुढच्या दाराने रस्त्यावर मोकळ्या हवेत आणलं आणि रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कशात काय मिसळलं?" मी सांगितलं. ते क्षणभर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "बाई, तुम्ही घरात क्लोरीन वायू तयार केलात."

मंडळी, मी मराठीबरोबर इतिहासही शिकवत असे. पहिल्या महायुद्धाचा धडा किती वर्षं शिकवला असेन! २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्र इथे जर्मनांनी फ्रेंच सैन्यावर क्लोरीन सोडला, हे मी फळ्यावर लिहून द्यायचे, परीक्षेत विचारायचे. आणि तोच वायू मी माझ्या अंगणात, माझ्या विद्यार्थिनीच्या नाकाखाली तयार केला. देवाच्या कृपेने मोठं काही झालं नाही. पण तिचा खोकला पंधरा दिवस होता.

दवाखान्यात मी तिला म्हटलं, "अगं, वास आल्याबरोबर बाजूला का नाही झालीस?" ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगितलेलं ना. तुम्ही सांगितलं म्हणजे बरोबरच असणार." त्या वाक्याने मला आजही झोप लागत नाही कधीकधी.

आठवड्याने आमच्या शाळेचे विज्ञानाचे सर आले होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी फरशीचा एक फुटका तुकडा मागितला आणि वर अर्धं लिंबू पिळलं. चष्मा लावून बघितलं तर बारीक बारीक बुडबुडे! थोड्या वेळाने पुसलं तर तेवढाच भाग फिका, खरखरीत. सर म्हणाले, "शाहाबादी म्हणजे चुनखडक. त्या भागात सिमेंटचे कारखाने उगाच नाहीत. कुठलंही आम्ल चुनखडक खातं. लिंबाने एवढं होतं, तर ॲसिडने काय होईल? आणि दगड खरखरीत झाला की पुढच्या पावसाळ्यात शेवाळाला धरायला आणखी जागा." म्हणजे भाचीने सांगितलेला व्हिनेगरचा घरगुती उपायही बाद. घरगुती असलं तरी आम्ल ते आम्लच. मीठही नको म्हणाले, ते वाहत जाऊन झाडांच्या मुळाशी बसतं.

मग मला कोकणातली आजी आठवली. आमच्या घराच्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर असंच शेवाळ यायचं. ती वाळू घ्यायची आणि नारळाच्या सोडणाने पायऱ्या घासायची. बाकी काही नाही. वर म्हणायची, "उन्हाला त्याचं काम करू दे, मग आपण आपलं करू."

यंदा तसंच केलं. पाऊस थांबल्यावर आधी शेवाळ वाळू दिलं. शेवाळाला खरी मुळं नसतात, त्यामुळे वाळलं की पापुद्र्यासारखं सुटतं. जुन्या उलथण्याने ते खरवडलं आणि खराट्याने झाडलं. मग जाड वाळू टाकून थोड्या पाण्यात काथ्याने घासलं. सांध्यांत गवत उगवलं होतं, तिथे उकळतं पाणी ओतलं. ते काम मात्र मी स्वतः, पायात बूट घालून केलं. दिव्याच्या तेलाचे डाग होते, त्यावर रिठ्याचं पाणी.

आणि मुख्य म्हणजे शेवाळ तिथेच का येतं ते शोधलं. वरच्या टाकीचा जादा पाण्याचा पाइप नेमका त्याच कोपऱ्यात ठिबकत होता! प्लंबरकडून तो बागेच्या बाजूला वळवून घेतला, जास्वंद छाटली, थोडं ऊन आत आलं. इतकी वर्षं मी शेवाळाशी भांडत होते आणि वरून त्याला पाणीही घालत होते.

या पद्धतीने अर्ध्या तासाचं काम दोन सकाळी चालतं, हे खरं. म्हणून तिला त्याचे वेगळे पैसे ठरवून दिले आणि मीही स्टुलावर बसून सांधे खरवडले. नाहीतर औषध टाळल्याचं पुण्य माझ्या पदरात आणि कष्ट मात्र तिच्या, असं व्हायचं.

काल मी रिठ्याचं पाणी आणून ठेवलं, तर तिने हात लावला नाही. आधी विचारलं, "बाई, यात काय आहे? आणि दुसऱ्या कशात मिसळलं तर चालतं का?" मी रिठे दाखवले, सांगितलं, मग तिने काथ्या बुडवला.

शाळेत ती फार शांत मुलगी होती. सांगितलेलं निमूट ऐकायची, म्हणून मी वर्गात तिचं कौतुक करायचे. मधेमधे प्रश्न विचारणाऱ्यांना मात्र "आधी ऐकून घ्या" म्हणून खाली बसवायचे. काल तिने प्रश्न विचारला तेव्हा वाटलं, हा धडा शिकवायचा राहूनच गेला होता.

असो. तुमच्याकडे शेवाळाला काय करतात ते जरूर कळवा. पण ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही नको, आणि दुसऱ्याच्या हातून तर नकोच नको.