आगबोटीवरची एकादशी

परभणी जिल्ह्यातल्या माणसाला समुद्राविषयी बोलण्याचा अधिकार नाही, हे मला मान्य आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्या आणि जिंतूरकडचे येलदरीचे धरण, एवढाच आमचा पाण्याचा संसार. येलदरी भरले की आम्ही पोराबाळांना घेऊन ते पाहायला जातो आणि "समुद्रच की हो!" असे म्हणत भाकरी खाऊन परत येतो. त्यामुळे गेल्या वर्षी माझे धाकटे दीर पुण्याहून आले आणि "वहिनी, आईला घेऊन मुंबईहून जहाजानं लक्षद्वीपला जायचं, तिकिटं काढलीत," असे म्हणाले, तेव्हा आमच्या घरात काही क्षण कोणी बोललेच नाही.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाजी निवडत होत्या. त्यांनी फक्त विचारले, "कोनत्या तिथीला?"

भाऊजींनी तारीख सांगितली. तिथी पाहण्याचे त्यांच्या मनात आले नव्हते. येत नाही पुण्यात. मी भिंतीवरची दिनदर्शिका उलटली. जहाजाचा दुसरा दिवस बरोबर कार्तिकी एकादशीचा निघाला.

आषाढीला आमच्याकडे शेतात पेरणी-कोळपणी असते, म्हणून आमच्या घराची वारी कार्तिकीची. आत्याबाईंनी एकतीस कार्तिक्या केल्या. मग दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, डॉक्टरांनी रांगेत उभे राहायला बंदी केली आणि वारी थांबली. तेव्हापासून त्या एकादशीला घरात बोलत नाहीत. उपास करतात, माळ ओढतात, पण हरिपाठ म्हणत नाहीत. "तिथं न्हाई तर कुठंच न्हाई," हा त्यांचा विठोबाशी मांडलेला रुसवा. पांडुरंगाने काय ते मनावर घेतले असेल, आम्ही घरच्यांनी मात्र फार घेतले होते. तिकिटे परत करण्याची भाषा निघाली तेव्हा त्यांनीच ती मोडून काढली. "पोराचा पैसा बुडवता का? देव काय, बसंल वाट बघत."

आत्याबाईंचे माहेर गंगाखेड. जनाबाईचे गाव. हे त्या कधी अभिमानाने सांगत नाहीत. पत्ता सांगावा तसे सांगतात. लिहिणे-वाचणे त्यांना येत नाही. हरिपाठ त्या शिकल्या प्रवासात. लग्न होऊन आल्यावर मामंजींबरोबर लातूरपर्यंत एस.टी.ने जायचे आणि तिथून पुढे बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी रुळांची गाडी. ही गाडी १९०६ साली पंढरपूरला पोचली आणि १९२७ साली मिरजेला. पुढे ते रूळ रुंद झाले. पण आत्याबाईंच्या बोलण्यात अजून ती लहानच गाडी आहे, चढावर धापा टाकणारी. डब्यात बुवा नसत, वीणेकरी नसत. ज्याच्याजवळ टाळ तो पुढारी. तो उतरला की टाळ दुसऱ्याच्या हाती जायचे आणि अभंग तिथूनच पुढे चालायचा. कुठल्या गावच्या माणसाने सुरुवात केली आणि कोणी संपवला याचा हिशेब कोणी ठेवत नसे. मुंबईच्या लोकलमध्ये रोजचे चाकरमाने भजन करतात त्याचे लोकांना कौतुक वाटते. आम्हां मराठवाड्यातल्या मंडळींना त्यात नवल वाटत नाही. प्रवासी उभा आहे, टाळ आहेत, बस्स.

हे सारे मला ठाऊक होते. मी मराठी शिकवते. अठरा वर्षे बी. ए.च्या वर्गाला संतवाङ्मय शिकवते आहे. हरिपाठावरचा दहा गुणांचा प्रश्न मी झोपेतही सोडवीन. आता पुढची हकिगत सांगते.

बॅलार्ड पिअरला सामानाची तपासणी झाली. आत्याबाईंच्या पिशवीतून तुपात भिजवलेल्या वाती, कापूर, काड्यापेटी आणि उदबत्तीचा पुडा निघाला. तपासणाऱ्या मुलाने अगदी अदबीने ते बाजूला काढले, पावती दिली, उतरताना परत मिळेल म्हणाला. टाळ मात्र चारदा उलटेपालटे करून परत दिले. जहाजावर खोलीत ज्योत पेटवायची नाही, हा जगभर सगळीकडे नियम आहे, आणि तो योग्यच आहे. घराला आग लागली तर माणूस अंगणात पळतो, इथे अंगण कुठले? पण आत्याबाई जहाजाला 'आगबोट'च म्हणतात. त्यांना हसू आवरेना. "नावातच आग, अन् काडी ओढायची न्हाई! एवढं पानी भवताली, तरी भेतात बाई."

हसल्या ते बरे झाले. कारण संध्याकाळी किनारा दिसेनासा झाला तशा त्या गप्प झाल्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चहूकडे पाणी आणि कुठेही वाट नाही. "पंढरपूर कोनीकडं आलं आता?" त्यांनी विचारले. मी हात केला. बरोबर केला की नाही, कोण जाणे.

त्या रात्री मला झोप आली नाही. एक गोष्ट सारखी आठवत होती. आमच्या महाविद्यालयात उर्दू शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे आजोबा मुंबईहून बोटीने हजला गेले होते. तेव्हा लोक बोटीने जात. १९९५ पासून ते बंद झाले. आजोबा सांगत की बोटीवर जमात उभी राही आणि प्रवाशांतलाच कोणी जाणता पुढे होऊन नमाज पढवी. बोट वळली की किब्ला कुठे आला हे खलाशाला विचारायचे आणि सगळ्यांनी चटया फिरवायच्या. मला त्या फिरणाऱ्या चटया डोळ्यांपुढे दिसू लागल्या. ते करू शकले, मग आपण का नाही?

सकाळी मी खालच्या चौकशीच्या खिडकीशी गेले. तिथली मुलगी म्हणाली, "आमच्याकडे पुजारी नाहीत, मॅडम. प्रवाशांपैकी कोणी घेणार असेल तर जागा देऊ." असा एक कागदच होता. कार्यक्रमाचे नाव, वेळ, किती माणसे, वाद्ये कोणती, आणि शेवटी 'नेतृत्व करणारा प्रवासी'. मी तिथे आत्याबाईंचे नाव घातले.

आमच्या मजल्यावर खोल्या आवरणारा गृहस्थ गोव्याचा होता, पन्नाशीचा, आयुष्य तारवावर गेलेला. त्याने मला धीर दिला. परदेशी जहाजांवर हे नेहमीचे, तो म्हणाला. रविवारी पाद्री नसला तर उतारूंतला एखादा निवृत्त मास्तर उभा राहतो. ज्यू उतारूंचा शुक्रवार संध्याकाळचा सब्बाथही असाच. जहाजाने खोली द्यायची, खुर्च्या मांडायच्या, दिवसाच्या छापील पत्रकात वेळ टाकायची. बाकी ज्याचे त्याने पाहायचे. "बाई, दोन माणसां आयली तरी खुर्च्यो वीस घालच्यो," हा त्याचा अनुभवाचा सल्ला. "रिकाम्यो खुर्च्यो पळोवन लोक येतात."

पण आत्याबाई उखडल्या. "माझं नाव काहून दिलंस? म्या कोन? बुवा पायजे त्याला. न्हाईतर तू म्हन, पुस्तकं तू शिकवतीस."

जेवणाच्या वेळी ही बातमी पसरली होती आणि एक निवृत्त मोठे अधिकारी आमच्या टेबलाशी आले. स्वभावाने चांगले, पण जन्मभर बैठकांचे अध्यक्षपद भूषवलेले. त्यांचे म्हणणे, कार्यक्रम जरा व्यवस्थित व्हावा. त्यांच्या भाच्याकडे उत्तम स्पीकर होता, त्यात नामवंत गायकांची भजने भरलेली होती. "लावून देऊ अर्धा तास. म्हणजे कोणी अडखळायला नको, बेसूर व्हायला नको. सगळ्यांनी शांत बसून ऐकायचं."

आत्याबाई उपासाचे केळे सोलत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "मंग एकादशी त्या डब्यानं धरली का?"

गृहस्थ हसले. पण त्यांनी आपला प्रस्ताव मागे घेतला असे म्हणवत नाही; स्पीकर त्यांनी संध्याकाळी बरोबर आणलाच होता.

साडेपाच वाजता वरच्या मजल्यावरच्या एका लहान दालनात आम्ही जमलो. आम्ही चौघे धरून सात-आठ होऊ अशी माझी अटकळ होती. चाळीस तरी आले. नाशिकचे एक कुटुंब, सोलापूरच्या दोन बहिणी, काही गुजराती मंडळी, हनिमूनला निघालेले एक जोडपे, आणि दारात उभा असलेला आमचा गोवेकर. ओवाळायला दिवा नव्हता म्हणून त्याने जेवणाच्या टेबलावरची बॅटरीची मेणबत्ती आणली होती. आत्याबाईंनी तिच्या ज्योतीवर बोट ठेवून पाहिले. "भाजत न्हाई," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून, "ठेव. उजेड तर हाय."

त्या खुर्चीवर बसल्या, टाळ मांडीवर. म्हणणार नाहीत, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. तेव्हा मीच उभी राहिले. मनात म्हटले, फोनवर हरिपाठ काढू आणि वाचू. फोन उघडला, भर समुद्रात त्याला काहीही मिळेना. पुस्तक आणलेले नव्हते. पुस्तक कशाला, मी तर शिकवणारी!

सुरुवात बरी झाली. पहिले सहा-सात अभंग लोकांनी उचलून धरले. ज्ञानदेवांच्या हरिपाठाचे अभंग सत्तावीस (पोथीपोथीत एखादा इकडे-तिकडे होतो, त्यावरही मी वर्गात बोलते). नवव्यानंतर माझी गाडी घसरली. अकराव्याचे शब्द दहाव्यात आले, तिथून मी परत चौथ्यात गेले, आणि मग गप्प झाले. मला त्या अभंगांचा भावार्थ ठाऊक होता, त्यांतल्या योगपर संज्ञा ठाऊक होत्या, अभ्यासकांचे मतभेद ठाऊक होते. पुढची ओळ ठाऊक नव्हती. दालनात एंजिनाची घरघर तेवढी ऐकू येत होती. अधिकारी गृहस्थांनी स्पीकरकडे पाहिले. अठरा वर्षांत वर्गासमोर जी लाज कधी वाटली नाही ती त्या क्षणी वाटली, आणि माझ्या चष्म्याच्या काचा धुरकट झाल्या.

"आत्याबाई, पुढं काय?" मी त्यांच्या कानाशी वाकून विचारले.

"मला बसून येत न्हाई गं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक होता. "पाय हालले की तोंडाला येतंय."

आणि त्या उठू लागल्या. आमचे हे धावत पुढे आले. डॉक्टरांची ताकीद, खालची डुलणारी जमीन, ते नवे गुडघे, सगळे त्यांच्या चेहऱ्यावर होते. "आई, नको," ते म्हणाले. ह्यांचे बरोबरच होते. काही झाले असते तर भर समुद्रात काय करणार होतो? पण मी ह्यांना हाताने थांबवले. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी त्यांचा डावा दंड धरला, नाशिकच्या बाईंनी उजवा. आत्याबाईंनी टाळ घेतले. एक पाऊल पुढे, एक मागे. जहाज एका बाजूला कलले की पाऊल जरा लांब पडे. आणि दहावा अभंग, जिथे मी सोडला होता तिथूनच, त्यांच्या तोंडून निघाला, बार्शी लाइटच्या डब्यात कोणाच्या तरी हातून टाळ घ्यावेत तसा.

आवाज गोड नव्हता. अर्धे शब्द आमच्या परभणीकडच्या वळणाचे होते; पाठचिकित्सकाला त्यांत पाठभेदांचा खजिना सापडला असता. सोलापूरच्या बहिणी पावली धरू लागल्या. नवे जोडपे भिंतीशी उभे राहून हसत होते, ते हसता हसता पाऊल टाकू लागले. सतराव्या-अठराव्याला आत्याबाईंचा श्वास फुलला, तेव्हा त्यांनी टाळ न बोलता बाजूला धरले आणि सोलापूरच्या थोरल्या बहिणीने ते घेतले. सत्तावीस झाले. 'रामकृष्णहरी'चा गजर झाला. तेव्हा अधिकारी गृहस्थ मोठ्यांदा म्हणत होते आणि स्पीकर खुर्चीखाली होता.

त्या रात्री आत्याबाईंचे गुडघे सुजले. मी जहाजावरच्या डॉक्टरकडून बर्फाची पिशवी आणून शेकत बसले. ह्यांनी माझ्याशी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बोलणे टाकले होते. त्यांचा राग मला अन्यायाचा वाटला नाही. आत्याबाई मात्र डोळे मिटून पडल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "दोन वर्सं फुकट घालिवली बघ. घरी बी आलं असतं."

लक्षद्वीपचे निळे पाणी, प्रवाळ आणि नारळ यांची वर्णने आपण इतरत्र वाचली असतील. ती माझ्याच्याने होणार नाहीत. परतल्यावर मुंबईला पावती दाखवून वाती, कापूर आणि काड्यापेटी परत घेतली आणि रात्रीची देवगिरी एक्सप्रेस पकडली. जालना गेल्यावर उजाडले. आत्याबाई उठून बसल्या, चूळ भरली, आणि मला म्हणाल्या, "हं, म्हन."

"काय?"

"पयल्यापासून. अडलीस तिथं मी सांगते."

"इथं? बसून?"

त्यांनी पाय बर्थवरून खाली सोडले आणि टाचा हलवू लागल्या. समोरचे गृहस्थ वर्तमानपत्राआडून पाहत होते. परतूर गेले, सेलू गेले. मानवत रोडला चहा आला तेव्हा माझे सतरा अभंग झाले होते. परभणी आली, ह्यांनी सामान दाराशी नेले, तरी आत्याबाई जागच्या उठेनात.

"उतरा, आत्याबाई. गाडी थांबत नाही फार वेळ."

"अठरावा म्हनून उतर," त्या म्हणाल्या.