पेपरातलं निमंत्रण

दोस्तांनो, सायकल आवडते ना तुम्हांला? मला तर अजून आवडते. साठी उलटली, तरी रोज सकाळी सायकल बाहेर काढतो. मग शेजारच्या गॅलरीतून हमखास प्रश्न येतो, "काका, या वयात कशाला?" मी त्यांना पिकार्ड आजोबांची गोष्ट सांगतो. आज तुम्हांलाही सांगतो.

अमेरिकेत आयोवा नावाचं राज्य आहे. मक्याच्या शेतांचं. त्याच्या पश्चिमेला मिसुरी नदी, पूर्वेला मिसिसिपी. १९७३ साली तिथल्या 'डे मॉईन रजिस्टर' या दैनिकातल्या जॉन कॅरस आणि डोनाल्ड कॉल या दोघांनी ठरवलं, की सायकलवरून अख्खं राज्य ओलांडायचं आणि त्यावर पेपरात लिहायचं. ज्याला हवं त्यानं सोबत यावं, असं निमंत्रणही छापलं. ऑगस्टअखेर सू सिटीहून निघायच्या वेळी बघतात तर काय, सुमारे ३०० माणसं हजर!

त्यांतच होते क्लॅरेन्स पिकार्ड आजोबा. वय वर्षं ८३! सायकल जुनी आणि तीही लेडीज. सहा दिवसांनी मिसिसिपीकाठच्या डेव्हनपोर्टला आजोबा पोचले, बरं का! सगळं अंतर कापणारे होते फक्त ११४ जण.

ज्यांना येता आलं नाही ते मागे लागले, "आमच्यासाठी पुन्हा काढा की!" म्हणून १९७४ साली फेरी पुन्हा निघाली आणि मग दरवर्षी निघू लागली. तिचं नाव पडलं 'रॅगब्राय'. २०२० साली करोनामुळे खंड पडला, पण २०२३ साली पन्नासावी फेरी झाली. आता ती जुलैअखेर सात दिवस चालते. निघताना मागचं चाक मिसुरीत बुडवायचं आणि पोचल्यावर पुढचं मिसिसिपीत, अशी तिथली गमतीची रीत आहे.

पण हजारो माणसं रोज नव्या गावी मुक्कामाला येणार, म्हणजे खायचं काय, झोपायचं कुठे? इथेच खरी मौज आहे. दरवर्षी वाट बदलते, गावं बदलतात. मुक्कामाचं गाव आधी काही महिने समित्या नेमतं. तंबूंच्या जागेची एक, पाण्याची एक, जेवणाची एक, रहदारीची एक. अगदी लग्नघरच म्हणा ना! कुणी अनोळखी माणसांना आपल्या अंगणात तंबू ठोकू देतं. चर्चमधल्या बायका घरचे गोड पाय करून विकतात. शाळेतली मुलंही स्टॉल लावतात आणि आलेल्या पैशांतून आपल्या संघासाठी सामान घेतात.

पिकार्ड आजोबांचं नाव राहिलं. पाण्याची पिंपं भरणाऱ्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही. पण मला वाटतं, फेरी इतकी वर्षं टिकली ती त्यांच्याच जोरावर. सायकलवाला आपला रस्ता कापतो. हे लोक मात्र कधी न पाहिलेल्या माणसासाठी पहाटे उठतात.

उद्या तुमच्या गावी अशी फेरी आली, तर तुम्ही कोणतं काम घ्याल? घरी सगळ्यांना विचारा हं. मी पाण्याचं घेईन.